टर्की, थर्मामीटर आणि कालाम सुत्त



मागील महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांचा मुलगा शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेला आहे. नोव्हेंबरात तिकडे थँक्सगिव्हिंगची सुटी असते. वसतिगृहाची खानावळ बंद राहते. म्हणून चार-सहा मुलांनी मिळून अख्खी टर्की भाजायचे ठरवले आहे. मुलाने फोन करून आईला विचारले, "आई, एवढा मोठा पक्षी शिजवायचा कसा?" त्या माउलीने जन्मात टर्की पाहिलेली नाही. आम्ही मध्यंतरी अमेरिकेला जाऊन आलो हे त्यांना कळले होते, म्हणून त्यांनी आम्हाला लिहिले.

ताई, तुमचे पत्र वाचून आम्हाला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. आनंद यासाठी, की आपली मुले आता परदेशी विद्यापीठांच्या वसतिगृहांत पोहोचली आहेत. लाज यासाठी, की टर्कीच्या बाबतीत आम्ही स्वतः एक मोठी चूक करता करता वाचलो. ती चूक सांगितल्याशिवाय कृती सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. म्हणून आज दोन्ही सांगतो.

सण कोणाचा, पक्षी कुठला?

थँक्सगिव्हिंग म्हणजे आभार मानण्याचा दिवस. तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. १८६३ साली अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी हा दिवस साऱ्या देशाने पाळावा असा जाहीरनामा काढला. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामाही लिंकन यांनी त्याच वर्षीच्या १ जानेवारीला काढला होता. पुढे १९४१ साली कायद्याने चौथा गुरुवार ठरला.

या सणाची गोष्ट सांगताना १६२१ सालच्या प्लिमथ येथील भोजनाचा उल्लेख करतात. इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी आणि तिथल्या वाम्पानोआग या मूळनिवासी लोकांनी एकत्र बसून ते जेवण केले होते. ज्यांनी परक्यांना मका पेरायला शिकवले, त्यांच्याच जमिनी पुढे गेल्या. म्हणून १९७० पासून मूळनिवासी लोक त्याच दिवशी प्लिमथला जमतात आणि तो दिवस शोकदिन म्हणून पाळतात. आपल्या वाचकांना ही बाजू ठाऊक असावी. जेवणाच्या ताटामागे कोणाचा घाम आणि कोणाची जमीन आहे, हे विचारण्याची सवय आपल्याला फुले-आंबेडकरांनी लावली आहे.

टर्की हा पक्षीही मूळ अमेरिका खंडातलाच. त्याच्या नावाची मात्र सगळीकडे गंमत आहे. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्कस्तानातले लोक त्याला 'हिंदी' म्हणतात, आणि पोर्तुगीज भाषेत तो 'पेरू' होतो. ज्याला त्याला तो पक्षी दुसऱ्याच्या गावचा वाटला!

भाचीच्या घरी

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता आमच्या भाचीकडे न्यू जर्सीला होतो. त्या वर्षी चौथा गुरुवार २८ नोव्हेंबरला आला, म्हणजे महात्मा फुले यांच्या स्मृतिदिनी. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला. आभार मानायचे तर याहून चांगला योग कोणता? सकाळी भाचीने जोतीरावांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना फुले वाहिली, त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग आम्ही सर्व स्वयंपाकघरात शिरलो.

भाचीने त्या दिवशी कचेरीतल्या नऊ जणांना जेवायला बोलावले होते. त्यांत अमेरिकन होते, तसे आपल्या देशाचेही होते. परदेशात गेले तरी काही मंडळी "तुम्ही व्हेज की नॉनव्हेज?" या साध्या प्रश्नाआडून जात चाचपतात, हा अनुभव तिने घेतला होता. आजवर तिने उत्तर टाळले होते. या वेळी मात्र तिने ठरवले, की बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर असेल, टेबलावर टर्की असेल आणि आपल्या हातचे जेवण सर्वांना मिळेल. शाकाहारी पाहुण्यांसाठी वरण, भात, भरली वांगी वेगळ्या भांड्यांत केली होती.

वाचकहो, ज्या समाजाच्या हातचे पाणी चालत नव्हते, ज्याला तळ्यावरचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले, त्या समाजाच्या लेकीने मांडलेली ही पंगत होती. ती वेळेवर आणि नीट व्हावी असे आम्हाला किती वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकता. आमची चूक या घाईतूनच झाली.

पहिला हिशेब : बर्फ वितळण्याचा

टर्की घेताना माणशी एक ते दीड पौंड धरतात. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. आम्ही घरचे आणि पाहुणे नऊ, अशा सर्वांसाठी भाचीने १४ पौंडांची, म्हणजे सव्वासहा किलोच्या आसपासची टर्की आणली. ती दगडासारखी गोठलेली होती.

गोठलेली टर्की वितळवण्याचा खरा मार्ग फ्रिजचा. फ्रिजचे तापमान ४० अंश फॅरेनहाइट म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असावे. दर चार ते पाच पौंडांना २४ तास लागतात. पक्षी खोलगट ताटात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे त्याचे पाणी भाजी-फळांवर गळणार नाही. पूर्ण वितळल्यावर तो फ्रिजमध्ये आणखी एक-दोन दिवस चांगला राहतो. म्हणून एक दिवस आधी ठेवलेला बरा, उशिरा ठेवलेला वाईट.

वेळ कमी असेल तर दुसरा मार्ग थंड पाण्याचा. पक्षी न गळणाऱ्या पिशवीत बांधून थंड पाण्यात बुडवायचा, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचे आणि दर पौंडाला अर्धा तास धरायचा. म्हणजे १४ पौंडांना सात तास. असा वितळवलेला पक्षी लगेच शिजवायचा, पुन्हा ठेवायचा नाही.

ओट्यावर रात्रभर उघडा ठेवणे हा मार्गच नव्हे. कारण आतला भाग बर्फ असतो तेव्हाच बाहेरचा भाग कोमट होतो. ४० ते १४० अंश फॅरेनहाइट, म्हणजे ४ ते ६० अंश सेल्सिअस, या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. कच्चे असो वा शिजलेले, मांस या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

आमचे काय झाले? टर्की सोमवारी सकाळी फ्रिजमध्ये गेली. नियमाने १४ पौंडांना तीन ते साडेतीन दिवस हवेत. आम्ही आयुष्यभर खतावणी लिहिली, दमडीचा फरक पडला तर रात्र जागून काढली, पण येथे मात्र "तीन दिवस झाले की!" म्हणून मोकळे झालो. बुधवारी रात्री पोटातली पिशवी बाहेर काढताना हाताला बर्फाचे खडे लागले. तेव्हाच थंड पाण्याचा उपाय करायला हवा होता. आम्ही म्हणालो, "ओव्हनमध्ये गेल्यावर सगळे वितळेल." ही पहिली चूक.

धुवायचे की नाही?

यावरून मामी-भाचीत वाद झाला. आमच्या घरी कोंबडी तीन पाण्यांनी, मीठ-लिंबू चोळून धुतल्याशिवाय चुलीवर चढत नाही. मामी बाह्या सरसावून उभ्या राहिल्या. भाची म्हणाली, "मामी, धुवू नका. पाण्याचे शिंतोडे उडतात आणि त्यांच्याबरोबर जंतू सगळ्या ओट्यावर पसरतात."

"म्हणजे न धुता खायचे? लोक काय म्हणतील?"

मामींचा राग खोटा नव्हता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या घाणेरडे म्हणून हिणवले गेले, त्यांच्या बायकांनी स्वच्छता जिवापलीकडे जपली. पण या बाबतीत भाचीचेच खरे आहे. कच्च्या कोंबडीत व टर्कीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. पाण्याने, मिठाने, लिंबाने ते मरत नाहीत, उष्णतेने मरतात. तिकडचा पक्षी साफ करूनच पिशवीत येतो. त्याला कागदाने टिपून कोरडा करावा, कागद लगेच कचऱ्यात टाकावा आणि स्वच्छतेचा सारा आग्रह हातांवर, ओट्यावर, सुरी-पाटावर चालवावा. कच्च्या मांसाला हात लावल्यावर साबणाने किमान वीस सेकंद हात धुवावेत. कोशिंबीर आधी चिरून ठेवावी आणि मांसाचा पाट वेगळा असावा. चुकून धुतलाच, तर बेसिन आणि आजूबाजूची जागा साबणाने घासून निर्जंतुक करावी. शेवटी मामींनी पक्षी सोडला आणि ओटा तीनदा धुतला. दोघींचेही समाधान झाले.

साहित्य आणि तयारी

१४ पौंडांच्या एका टर्कीला आम्ही जे वापरले ते असे :

बारीक मीठ ७ चहाचे चमचे, लोणी १५० ग्रॅम, आले-लसणाचे वाटण ४ मोठे चमचे, लाल तिखट २ मोठे चमचे, घरचा काळा मसाला २ मोठे चमचे, हळद १ चहाचा चमचा, दोन लिंबांचा रस. पोटात ठेवण्यासाठी दोन कांद्यांच्या फोडी, लसणाचा एक गड्डा, दालचिनीचा तुकडा आणि तमालपत्र.

मिठाबाबत एक सूचना. काही टर्कींत कारखान्यातच मिठाचे पाणी भरलेले असते. पिशवीवर तसे छापलेले असते, ते वाचावे. तसा पक्षी असेल तर मीठ अगदी बेताने घालावे, नाहीतर खारट होतो.

पिशवी उघडल्यावर प्रथम पोटात आणि मानेच्या बाजूला हात घालून आतली पुडी काढावी. तीत मान, काळीज, हृदय, पोटा असे भाग असतात. नवशिके ही पुडी आतच विसरतात. मान आणि पोटा रश्शाला उत्तम.

आदल्या रात्री सगळीकडून मीठ चोळून पक्षी उघडाच फ्रिजमध्ये ठेवावा. रात्रभरात मीठ आत मुरते, कातडी कोरडी होते आणि भाजल्यावर कुरकुरीत लागते. सकाळी मऊ लोण्यात वाटण, तिखट, मसाला, हळद आणि लिंबूरस कालवावा. छातीवरची कातडी बोटांनी हलकेच सोडवून, न फाटू देता, निम्मा मसाला आत सारावा. छातीचे मांस लवकर कोरडे पडते, त्याला या लोण्याचा आधार मिळतो. उरलेला मसाला वरून लावावा. पोटात कांदा-लसूण सैल ठेवावा. अमेरिकन लोक पोटात पावाचे सारण ठासून भरतात. पण सारण भरले की आतपर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो, आणि मांस शिजले तरी सारण कच्चे राहू शकते. नवख्या मुलांनी सारण वेगळ्या भांड्यातच भाजावे.

ओव्हनमध्ये

ओव्हन ३२५ अंश फॅरेनहाइटवर, म्हणजे सुमारे १६५ अंश सेल्सिअसवर ठेवावा. त्याहून कमी आचेवर मांस फार वेळ कोमट राहते, ते धोक्याचे. पक्षी छाती वर करून, दोन-अडीच इंच खोल ट्रेमध्ये जाळीवर ठेवावा. जाळी नसेल तर गाजर-कांद्याचे जाड तुकडे पसरून त्यावर ठेवावा. पातळ फॉइलचा ट्रे कडेला धरून उचलू नये. तो दुमडतो आणि उकळती चरबी अंगावर येते. त्याखाली नेहमी लोखंडी पत्रा असू द्यावा.

सारण न भरलेल्या पक्ष्याला लागणारा वेळ असा : ८ ते १२ पौंडांना पावणेतीन ते तीन तास, १२ ते १४ पौंडांना तीन ते पावणेचार तास, १४ ते १८ पौंडांना पावणेचार ते सव्वाचार तास. छाती आधी तांबूस झाली तर तिच्यावर फॉइल सैल झाकावे. ओव्हनचे दार सारखे उघडू नये, उघडले की आच पडते.

मुलांना आणखी एक बजावून सांगावे. तिकडे काही लोक अंगणात मोठ्या पातेल्यात तेल तापवून अख्खी टर्की तळतात. त्यात बर्फाचा अंश राहिला तर त्याची एकदम वाफ होते, तेल उसळते आणि भडका उडतो. अशाने घरे जळाली आहेत. आपल्या मुलांनी या वाटेला जाऊ नये.

अडीच वाजता

आमचा पक्षी अकरा वाजता ओव्हनमध्ये गेला. पाहुणे तीनला यायचे होते. अडीच वाजता घरभर काळ्या मसाल्याचा वास सुटला होता. कातडी अशी तांबूस, की पाहात राहावे. काही टर्कींच्या छातीत कारखान्यातच एक प्लास्टिकचे बटण टोचलेले असते, शिजले की ते वर येते असे सांगतात. तेही वर आले होते. जावईबापू म्हणाले, "झालं." मामींनी तंगडी हलवून पाहिली, ती हलली. त्याही म्हणाल्या, "झालं." पहिले पाहुणे दारात आले. त्यांत एक बाई सहा महिन्यांची गरोदर होती.

आम्ही सुरी हातात घेतली आणि म्हणालो, "काढा बाहेर. लोकांना ताटकळत ठेवायला नको."

भाची म्हणाली, "मामा, थर्मामीटर लावू या."

"अगं, रंग बघ. वास बघ. बटण वर आलंय. मामीचा तीस वर्षांचा हात आहे. आणखी काय पाहिजे?"

ती हळूच, पण स्पष्ट म्हणाली, "मामा, विहारातल्या बालवर्गात तुम्हीच शिकवलंत ना? कोणी मोठं माणूस सांगतं म्हणून, पूर्वीपासून चालत आलं म्हणून खरं मानायचं नाही. स्वतः पडताळून पाहायचं."

आम्ही गप्प झालो. केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी दिलेला उपदेश आम्ही शेकडो वेळा सांगितला असेल. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. अनुभवाने तपासा, हितकर ठरेल ते घ्या. तो उपदेश स्वयंपाकघरातही लागू पडतो, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.

थर्मामीटर छातीत लावला : १६८ अंश. आम्ही विजयी मुद्रेने पाहिले. मग तिने तो मांडीच्या आतल्या बाजूस, हाडाला न लागता, खोलवर टोचला. काटा १४८ वर थांबला. बुधवारी रात्री हाताला लागलेला बर्फ तो हाच. बाहेरून सोन्यासारख्या दिसणाऱ्या पक्ष्याची मांडी आत कच्ची होती.

टर्कीसाठी आकडा एकच : १६५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस. तो तीन ठिकाणी पाहायचा : मांडीच्या सर्वांत आतल्या भागात, पंखाच्या सर्वांत आतल्या भागात आणि छातीच्या सर्वांत जाड भागात. तिन्ही ठिकाणी आकडा आला तर शिजले. एका ठिकाणी जरी कमी असला तर शिजले नाही. रंगावर भरवसा ठेवू नये. कधी शिजलेले मांसही गुलाबी दिसते, आणि कधी पांढरे दिसणारेही पुरते शिजलेले नसते. बटण एकाच जागी असते, त्यामुळे त्याला मांडीचे कळत नाही.

भाची बैठकीत गेली आणि सरळ म्हणाली, "आत तपासले, अजून शिजलेले नाही. पाऊण-एक तास लागेल. तोवर चहा आणि भजी घ्या." आम्हाला वाटले, आता हसतील. कोणी हसले नाही. त्या गरोदर बाईने उठून भाचीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू तपासलेस, बरे झाले." गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांना अशा जंतूंचा त्रास जास्त होतो. आमच्या घाईची किंमत कदाचित तिने मोजली असती.

आम्ही छातीवर फॉइल झाकून पक्षी परत आत ठेवला. तीन वाजून वीस मिनिटांनी मांडीत १६८, पंखात १७०, छातीत १७४. बाहेर काढून वीस मिनिटे तसाच ठेवला, म्हणजे रस मांसात मुरतो आणि कापताना वाहून जात नाही. मग आधी सांध्यातून तंगड्या सोडवल्या, पंख सोडवले आणि छातीचे आडवे काप काढले. पावणेचारला पंगत बसली. छाती किंचित कोरडी झाली होती हे कबूल करतो. ट्रेमधल्या रसाने ती भरून निघाली. आपल्या देशाच्या एका पाहुण्याने बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिले, काही विचारले नाही आणि काळ्या मसाल्याची मांडी दुसऱ्यांदा मागून घेतली.

उरलेल्याचे काय?

जेवण झाले म्हणजे काम संपले असे नाही. उरलेले मांस दोन तासांच्या आत हाडांपासून सोडवून, उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. अख्खा पक्षी किंवा खोल पातेले तसेच ठेवू नये, मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस टिकते. पुन्हा खाताना १६५ अंशांपर्यंत गरम करावे. हाडे, मान आणि पोटा कांदा-खोबऱ्याच्या वाटणात उकळून आम्ही दुसऱ्या दिवशी रस्सा केला. भाकरीबरोबर तो टर्कीपेक्षाही चांगला लागला.

ही दोन तासांची गोष्ट टर्कीपुरती नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. काही वर्षांपूर्वी एका वस्तीत जयंतीनिमित्त जेवणावळ होती. मटणाचा रस्सा आदल्या रात्रीच करून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला होता. सकाळी तो नुसता कोमट करून वाढला. संध्याकाळपर्यंत वीस-बावीस जणांना जुलाब सुरू झाले. टेम्पो करून आम्ही त्यांना दवाखान्यात पोहोचवले. रश्शाला वास नव्हता, चव बिघडलेली नव्हती. वस्तीत कुजबुज सुरू झाली, कोणी विष कालवले, कोणाची नजर लागली. तेव्हा आमच्याजवळही उत्तर नव्हते. आज कळते. क्लॉस्ट्रिडियम नावाच्या कुळातले काही जंतू असे आहेत, की शिजवल्यावरही त्यांची बीजे जिवंत राहतात, आणि मोठे पातेले हळूहळू निवत असताना ती झपाट्याने वाढतात. आणखी काही जंतू अन्नात असे विष सोडतात, की ते पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून "उकळले की शुद्ध झाले" ही समजूतही तपासून घ्यायला हवी.

येत्या १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तनदिनाला, लग्नकार्यात आपण शेकडो माणसांना जेवू घालतो. त्या मंडळांना आमची विनंती आहे, की एवढा मोठा मांडव घालता, ध्वनिक्षेपक लावता, त्यात स्वयंपाकासाठी एक थर्मामीटर घ्या. रात्रीचा रस्सा दुपारपर्यंत पातेल्यात ठेवू नका. शिजवा तेव्हाच वाढा.

एक शंका

काही वाचक विचारतील, बौद्धांच्या साप्ताहिकात मांसाची कृती कशी? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे, की भगवंतांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून नव्हे. गरजेपोटीची हत्या आणि मारण्याच्या हौसेची हत्या यांत त्यांनी भेद केला. ज्यांना मांस नको त्यांनी खाऊ नये, त्यांचा आदर आहे. पण दुसऱ्याच्या ताटावरून त्याची प्रत ठरवू नये. आणि ज्या जिवाचे मांस आपण खातो, ते निष्काळजीपणे वाया घालवणे किंवा त्यातून माणसांना आजारी पाडणे, हे तर कोणत्याच तत्त्वात बसत नाही.

ताई, आता तुमच्या मुलाला एवढे कळवा : टर्की चार दिवस आधी फ्रिजमध्ये ठेव. धुऊ नको, हात धू. पोटातली पुडी काढ. ३२५ वर भाज. तिन्ही ठिकाणी १६५ आल्याशिवाय कोणाचेही ऐकू नको, मोठ्या माणसाचेही नाही. दोन तासांच्या आत उरलेले आवर. आणि पाहुण्यांना थांबावे लागले तर थांबव. उशीर झाला म्हणून कोणाची इज्जत जात नाही.

आम्हाला हे भाचीने शिकवले. परत येताना तिने आमच्या हातात एक छोटा थर्मामीटर ठेवला. मामी आता कोंबडीच्या रश्शातही तो बुडवून पाहतात आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवतात. तुमच्या मुलाची टर्की कशी झाली ते अवश्य कळवा.

जयभीम, नमो बुद्धाय!